तेरा वर्षांनी लागलेला नंबर

आमच्या शिकारी मंडळात एकोणचाळीस सभासद आहेत, आणि पूर्ण वयाचे, मोठ्या शिंगांचे हरणाचे नर मारायला वर्षाला परवानगी मिळते ती फक्त तिघांची. म्हणून यादी. यादीत नाव वर सरकेपर्यंत माद्या मारा, रानडुकरं मारा, मचाणांच्या शिड्या बदला, हिवाळ्यात चारा वाहा. नंबर लागला की सोळा ऑगस्ट ते एकतीस डिसेंबर एवढी मुदत. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाही तर नाव पुन्हा तळाला आणि पुढची तेरा वर्षं परत शिड्या.

लुदविक तुर्शिच यांचा नंबर लागला तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. पुढचा नंबर त्र्याऐंशीव्या वर्षी. "तेव्हा मला मचाणावर चढवायला क्रेन आणा," असं ते म्हणायचे.

मागचा नंबर त्यांनी कसा घालवला हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एका नरावर त्यांनी अकरा महिने पाळत ठेवली होती. तो शेवटी ऐंशी पावलांवर आला, आडवा उभा राहिला, लुदविककाकांनी श्वास रोखला, आणि मचाणाखालून आवाज आला, "अहो, हे खाता येतं का?" खाली शाळेतल्या निवृत्त बाई उभ्या होत्या, हातात अळंबी घेऊन. अळंबी विषारी होती आणि काकांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. "सांगायला दोन सेकंद लागले," ते म्हणतात. "त्याआधी दोन सेकंद मी विचार केला."

मी नेझा. जमीन मोजणीच्या खात्यात काम करते. मंडळाचं सभासद व्हायचं तर दोन वर्षं एका जुन्या सभासदाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. मला लुदविककाका मिळाले, कारण मला घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं आणि त्यांच्या हाताखाली जायलाही दुसरं कुणी तयार नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक चालवला होता. ताशी वीस किलोमीटरच्या वर आयुष्यात जायचं कारण नसतं, असं त्यांचं मत होतं.

शिकार म्हणजे बंदूक, अशी माझी समजूत. पहिल्या दहा महिन्यांत मी बंदूक फक्त पुसली. काकांनी पहिल्याच दिवशी क्रम सांगून टाकला होता: आधी नाक, मग पाय, मग बूड. डोळे त्यानंतर. बंदूक सगळ्यात शेवटी, आणि तीही कुणी आणायला विसरलं नसेल तर.

काकांच्या नंबरच्या वर्षी, जानेवारीत आम्ही बर्फातल्या खुरांच्या खुणा मोजल्या. स्नेझ्निक डोंगराच्या उतारावर मी गुडघ्यावर बसून टेप लावायचे आणि काका त्यांच्या काठीवरच्या खाचांनी तेच माप माझ्याआधी सांगायचे. एका नराचा मागचा डावा खूर किंचित बाहेर वळलेला होता. "हा," काका म्हणाले, आणि वर्षभर मग दुसऱ्या कुणाबद्दल बोललेच नाहीत. मार्चमध्ये त्याचं गळालेलं डावं शिंग सापडलं. उजव्यासाठी आणखी एकोणीस दिवस काढले, कारण एका शिंगावरून नर ओळखणं म्हणजे एका बुटावरून जावई निवडणं, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात चिखलात लोळायची जागा शोधली. लेंड्या तर आम्ही इतक्या पाहिल्या की काका बोटात धरून, चुरून, हुंगून, आदल्या दिवशी त्याने कुठल्या बाजूची पानं खाल्ली ते सांगायचे. लोक वाइनबद्दल बोलतात तसं.

त्या नराला आम्ही इन्स्पेक्टर म्हणायचो. मोकळ्या गवतात पाऊल टाकण्याआधी तो कडेला वीस-वीस मिनिटं उभा राहून सगळं तपासायचा आणि बहुतेक वेळा परवानगी नाकारून परत जायचा.

मी माझ्या पगारातून दोन स्वयंचलित कॅमेरे आणून झाडांना बांधले. एकातलं शेवटचं चित्र अस्वलाच्या घशाचं होतं. दुसऱ्यात चारशे बारा फोटो निघाले: चारशे नऊ हलणाऱ्या गवताचे, दोन बिज्जूचे, आणि एक खुद्द काकांचा, अगदी जवळून, नाक उडवताना. प्लॅस्टिकचा वास मला येतो तर त्याला येणारच, एवढं बोलून त्यांनी तो कॅमेरा सोडून माझ्या पिशवीत टाकला.

वासाच्या बाबतीत काका फार कडक. ऑगस्ट लागताच त्यांनी साबण सोडला, लसूण सोडला, कॉफी सोडली, आणि शिकारीचा कोट गोठ्यात गायीच्या डोक्याशी टांगला. पाव्लाकाकूंनी त्यांचं ताट ओसरीवर हलवलं. "पंचेचाळीस वर्षं संसार केला," काकू मला म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणून ह्या माणसाने कधी दाढी केली नाही. त्या हरणासाठी मात्र आंघोळ सोडली."

आता वहीबद्दल सांगायला हवं.

मंडळाच्या लाकडी घरात दाराशी एक नोंदवही असते. रानात शिरण्याआधी तीत नाव, वेळ आणि ठिकाण लिहायचं, म्हणजे एकाच भागात दोन बंदुका जायला नकोत. नियम शहाणा आहे. सभासद त्याहून शहाणे. खरं ठिकाण लिहिलं की दुसऱ्या दिवशी तिथे आणखी तिघे जण सहज पाय मोकळे करायला येतात. म्हणून काका जानेवारीपासून वहीत 'खडकमाळ' लिहीत आणि जात अस्वलदरीत, बरोबर उलट्या दिशेला, सहा किलोमीटरवर. मी एकदा सुरक्षेचा प्रश्न काढला. त्यांनी समजावलं की खडकमाळावर कुत्रं फिरत नाही आणि अस्वलदरीत आपल्याशिवाय कुणी येत नाही. मग कोण कुणाला गोळी घालणार? त्यांच्या नावाखाली रोज माझी सही असायची. कचेरीत मी पाच सेंटिमीटरच्या फरकासाठी अख्खं शेत पुन्हा मोजते. इथे रोज सहा किलोमीटरची चूक सही करून देत होते.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आला. नर माजावर आले, रानात हंबरडे सुरू झाले. माजात असलेला नर थोडा बेसावध असतो. वर्षभरात तेवढेच काय ते दिवस. इन्स्पेक्टर अस्वलदरीत सात माद्या घेऊन बसला होता. काकांनी अकरा दिवस पहाटेचा वारा पाहिला आणि येता सोमवार ठरवला.

गुरुवारी मंडळाची सभा होती. जेवायला कोबीचं आंबट सूप आणि बटाटे. अध्यक्ष फेलिक्स मोदिच उठले आणि त्यांनी शनिवारचं श्रमदान जाहीर केलं. नवं मचाण उभारायचं, वाट साफ करायची. वीस माणसं, चार यांत्रिक करवती, एक ट्रॅक्टर. ठिकाण, अस्वलदरी. वही पाहिली तर नऊ महिन्यांत तिकडे कुणीही फिरकलेलं नव्हतं, तो भाग अगदी ओस पडला होता, असं त्यांनी सांगितलं. "शिवाय आपला लुदविक खडकमाळावर बसतो," ते प्रेमाने पुढे म्हणाले. "त्याच्या नंबरचं वर्ष आहे. त्याला आवाजाचा त्रास नको, म्हणून मुद्दाम दुसरं टोक घेतलंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुस्ती म्लाकरने तर टाळ्या वाजवल्या. ह्या गुस्तीचा नंबर पुढच्या वर्षी होता, आणि चांगला नर काकांच्या हातून सुटला तर तो आपल्याला मिळेल, हा त्याचा हिशेब सगळ्यांना ठाऊक होता.

काकांचा चमचा सुपातच राहिला. गप्प बसलं तर शनिवारी करवती सुरू होणार आणि इन्स्पेक्टर कड ओलांडून शेजारच्या मंडळाच्या हद्दीत जाणार, म्हणजे मेल्यासारखाच. बोललं तर नियम स्पष्ट होता: खोटी नोंद केली की वर्षभर बंदूक बंद. म्हणजे नंबर गेलाच, आणि वर सभासद व्हायची माझी वसंतातली परीक्षाही. मी बोलायला तोंड उघडलं तशी टेबलाखाली माझ्या पायावर एक जड बूट पडला. मग काका उठले.

"फेलिक्स," ते म्हणाले, "मी नऊ महिन्यांत खडकमाळावर एकदाही गेलेलो नाही."

"मग होतास कुठे?"

"अस्वलदरीत. वहीतलं सगळं खोटं. ह्या पोरीने सह्या केल्या त्या मी सांगितलं म्हणून. काय करायचं ते माझं करा, तिची परीक्षा अडवू नका."

मग कोपऱ्यातून गुस्तीचा आवाज आला. मला वाटलं होतं तो हसेल. तो रडकुंडीला आला होता.

"पाच आठवडे, लुदविक," तो म्हणाला. "पाच आठवडे मी पहाटे चारपासून खडकमाळावर बसतोय. एक लेंडी दिसली नाही मला. मला वाटलं, केवढा पोचलेला माणूस, स्वतःचा मागसुद्धा ठेवत नाही."

अध्यक्षांनी वही उघडली. वहीप्रमाणे गुस्ती पाच आठवडे नदीकाठी बदकं मारत होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि ह्या वर्षी ज्यांनी ज्यांनी चुकीचं ठिकाण लिहिलं असेल त्यांना हात वर करायला सांगितलं. सभेला मला सोडून बावीस जण होते. अठरा हात वर गेले. त्यात चिटणीसही होते, ज्यांचं काम दर शुक्रवारी वही तपासायचं होतं. ज्यांनी हात वर केला नाही त्यांतल्या तिघांचे गुडघे गेलेले असल्यामुळे ते घराबाहेरच पडले नव्हते. चौथे अध्यक्ष. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनीही हळूच हात वर केला.

नियम सगळ्यांना लावला असता तर मंडळ पुढच्या शरदापर्यंत बंद पडलं असतं. तेव्हा खूप चर्चा होऊन, ब्रिन्येवेत्स दारूच्या दोन बाटल्या रिकाम्या होऊन, असं ठरलं की शिक्षा फक्त काकांना, कारण आधी कबूल त्यांनी केलं. एक जानेवारीपासून दोन महिने बंदूक बंद. मला मंडळाच्या घरातली सगळी भांडी घासायची शिक्षा. श्रमदान पुढे ढकललं. अन्याय उघड होता, पण काका घरी जाताना शीळ घालत होते. एकतीस डिसेंबरपर्यंत नंबर त्यांचाच होता.

चूक एकच झाली. आता सगळ्यांना अस्वलदरी ठाऊक झाली होती, आणि सगळ्यांना काकांबद्दल वाईट वाटत होतं. एखाद्या शिकाऱ्याबद्दल एकवीस शिकाऱ्यांना वाईट वाटलं की त्याचं काही खरं नसतं. शुक्रवारी एक जण मिठाचा खडा ठेवून गेला, माद्या खिळून राहाव्यात म्हणून. शनिवारी दोघे वारा पाहायला आले आणि त्यांनी वारा सिगारेटच्या धुराने पाहिला. रविवारी गुस्ती प्रायश्चित्त म्हणून दिवसभर पहारा देत बसला. झाडाखाली सॉसेजची साल आणि मोहरीची रिकामी ट्यूब सापडली. सोमवारी पहाटे आम्ही पोचलो तेव्हा वारा उत्तम होता, धुकं उत्तम होतं, आणि दरी रिकामी होती.

"प्रेमाने मारलं," एवढंच काका म्हणाले.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. शिकारीच्या गप्पांत हा भाग कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडतच नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर. मी सुट्टीचे सगळे दिवस आणि कचेरीआधीच्या सगळ्या पहाटा घातल्या. माझ्या जीपीएस यंत्रात चाललेलं अंतर साठत होतं. एक डिसेंबरला ते सातशे किलोमीटरच्या वर गेलं. हाती आलं काय, तर एका झुडपावर चार केस, आणि तेही दुसऱ्याच नराचे. काकांचे गुडघे सुजले. काकू रोज रात्री त्यांना कोबीची पानं बांधायच्या. त्या वासाला मात्र काकांनी हरकत घेतली नाही. कोबी हरणांनाही आवडते, असा त्यांचा दाखला होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रस्त्याकडेच्या एका ओंडक्यावर ते बसले ते उठेचनात. म्हणाले, फेलिक्सला सांगून टाकतो, माझं नाव खोड. तळाला लिहायची गरज नाही, सरळ खोड. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी थर्मासमधला चहा ओतत राहिले.

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून बर्फ सारणारा ट्रक आला. काका सवयीने बघत होते. वळणावर ट्रकचं पातं कठड्याला आपटलं, मागची मिठाची पेटी हिंदकळली, ट्रक पुढे गेला.

"हाही तिथेच आपटतो," काका म्हणाले. "मी एकतीस वर्षं तिथेच आपटलो. वळणच तसं आहे."

मग त्यांनी चहा बर्फात ओतला आणि उठले. गुडघे वगैरे विसरून ते कठड्यापर्यंत गेले आणि खाली वाकून पाहिलं. प्रत्येक आपटण्याला घमेलंभर मीठ खाली घरंगळत होतं, हिवाळ्यामागून हिवाळे. खाली उतारावरचा बर्फ मातीपर्यंत चाटून साफ केलेला होता. आणि त्या मातीत एक मोठा खूर होता, मागचा डावा, किंचित बाहेर वळलेला.

"साधं मीठ," काका म्हणाले. "सरकारी मीठ खातोय हा."

रस्त्याजवळ गोळी झाडता येत नाही. म्हणून तो माग आम्ही उलटा काढला, तो येतो कुठून ते पाहायला. चार दिवस लागले. तीन किलोमीटर वर, स्प्रूसच्या दाट झाडीत, चुनखडीच्या मोठमोठ्या खळग्यांच्या मध्ये तो दिवसा झोपत होता. वारा ईशान्येचा, बुर्जा म्हणतात तो, कातडं सोलणारा. वाऱ्याखालून जायची वाट एकच होती आणि ती पोटावर सरपटत जायची होती. सत्तर वर्षांचा माणूस आणि मी, उणे अकरा अंशात, पाच पहाटा ती वाट सरपटलो. चार पहाटा काहीही आलं नाही. खोकला येऊ नये म्हणून मी तोंडात बर्फ धरून बसायचे.

अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी पावणेआठला इन्स्पेक्टर आला. खळग्याच्या कडेला, नव्वद पावलांवर. थांबला. तपासू लागला.

काकांनी बंदूक खांद्याला लावली आणि तेही थांबले. नर आडवा होता, वारा आमच्याकडे होता, मध्ये फांदी नव्हती. एक मिनिट गेलं. दोन. मारा ना, मारा ना, असं मी मनात ओरडत होते. कुठूनतरी कुणीतरी अळंबी घेऊन येईल अशी मला खात्री वाटू लागली, डिसेंबर असूनही. सहा मिनिटांनी गोळी सुटली. एकच.

नंतर मी विचारलं की एवढा वेळ कशाला लावला. "वर्षभर नुसती त्याची घाण हुंगली," काका म्हणाले. "एकदा नीट बघू तर दे."

नर दोन पावलं चालला, पडला आणि घसरत घसरत खळग्याच्या तळाशी गेला. अठरा मीटर खोल, मी मोजलं. आम्ही उतरलो. काकांनी टोपी काढली, स्प्रूसची डहाळी मोडून त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली, एक माझ्याकडे दिली आणि मी ती रिवाजाप्रमाणे त्यांच्या टोपीत खोवली. त्यांनी नाक पुसलं. थंडी होती.

मग प्रश्न असा की दोनशे किलोचा नर अठरा मीटर वर कोण नेणार. काकांनी गुस्तीला फोन केला. स्पष्ट सांगितलं: मिठाच्या वळणाच्या वर तीन किलोमीटर, तीन खळग्यांतला मधला, दोर आणि मोटारीचा रहाट घेऊन या. गुस्ती म्हणाला, निघालोच. आम्ही तळाशी बसून राहिलो. एक तास झाला, दोन झाले. नवव्या फोनला कळलं की गुस्ती आठ माणसं घेऊन अस्वलदरीत उभा आहे. लुदविक तुर्शिचने फोनवर ठिकाण सांगितलं म्हणजे ते नक्की दुसरीकडे असणार, असा विचार करून त्याने वाटेतच सगळ्यांना वळवलं होतं.

"अरे, मी खरं सांगतोय," काका फोनमध्ये म्हणत होते. "देवाशपथ खरं. नेझाला विचार."

"तिच्या सह्या पाहिल्यात मी," गुस्ती म्हणाला.

शेवटी मी मोजणी खात्याच्या पद्धतीने अक्षांश-रेखांश पाठवले. त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. नर वर यायला संध्याकाळचे चार वाजले. दोर दोनदा तुटला, गुस्ती एकदा खळग्यात पडला, आणि वर आल्यावर त्याने काकांच्या हातात हात देऊन तो बराच वेळ सोडला नाही. शिंगं पाहून तो एवढंच म्हणाला की पुढच्या वर्षी आपल्याला इतका चांगला मिळायचा नाही.

आठवडाभर काकांकडे माणसांची रीघ होती. काका साबणाने आंघोळ करून, लसूण खाऊन बसले होते आणि कुणाशी फारसं बोलत नव्हते. काकू मला आत घेऊन काळजीने म्हणाल्या, माणूस पहाटे चारला उठतो आणि स्वयंपाकघरात नुसता बसून राहतो. काय करायचं त्याचं?

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी, पहाटे पाचला, माझ्या खिडकीवर काठी वाजली. बाहेर काका उभे होते, गोठ्यातला कोट घालून. खांद्यावर बंदूक नव्हती. मी म्हटलं, काका, तुमची शिक्षा चालू आहे.

"बंदूक न्यायला बंदी आहे," ते म्हणाले. "चालायला नाही. ऊठ. वसंतात तू परीक्षा पास होशील, नाव यादीत तळाला जाईल. म्हणजे नंबर कधी?"

"चौदा वर्षांनी."

"म्हणजे तुझा नर आत्ता पोटात आहे. जूनमध्ये जन्मेल. त्याची आई कुठे चरते, ते आत्ता नाही बघायचं तर कधी बघायचं?"

मी मनातल्या मनात वर्षं मोजून पाहिली. त्यांचा हिशेब बरोबर होता. मी मोजे शोधू लागले.